दमलेल्या डोळ्यांचं आकाश

पौषातल्या अमावस्येची संध्याकाळ. दिवसभर आंबागडाचे तट-बुरूज धुंडाळून पाय भरून आलेले. जेवण होताच प्रत्येकाला आडवं व्हायचं होतं. पायथ्याच्या गावातल्या आजोबांनी खळ्यावर तणस पसरून दिलं. आडवंच व्हायचं, तर आकाशाखाली.

अंधाराला घाई चालत नाही. डोळ्यांना तो पुरता ओळखीचा व्हायला अर्धा तास तरी लागतो. एरवी आपण तो देत नाही. त्या रात्री थकव्यानंच देववला. बोलणं विरलं, आणि ताऱ्यांमागचे तारे उमलू लागले. कृत्तिकांचा धुरकट पुंजका हळूहळू सुटा झाला. वायव्येला कललेली देवयानी दीर्घिका मात्र थेट पाहिली की विझायची, नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा उजळायची. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मधोमध नसतातच. 25 लाख वर्षं चालत आलेला उजेड, आणि त्याला भेटायचं ते असं डोळा चुकवून!

नऊच्या सुमारास दक्षिणेला, झाडांच्या शेंड्यांवर, अगस्ती आला. त्याचं तेज आपल्यापर्यंत यायला सुमारे 310 वर्षं लागतात. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सुभेदार राजाखान पठाण यानं 1700च्या सुमारास हा गड बांधला. म्हणजे आम्ही पाहत होतो तो किरण निघाला, तेव्हा तटाचा चुना अजून नवा असणार. पुढे भोसल्यांनी इथे कैदी ठेवले. त्यांच्या वाट्याला कोणतं आकाश येत असेल, हा विचार मनातून जाईना.

“बाज निघाली जी,” आजोबा ईशान्येकडे बोट करून म्हणाले. सप्तर्षींचा चौकोन म्हणजे बाज. ती पळवायला आलेले तीन चोर क्षितिजावर नुकते डोकावत होते. मृगात गोंड शेतकऱ्यांना नांगर दिसतो. ज्याच्या हाताला जे काम, ते त्याच्या आकाशात.

आणि केवळ माणसांच्याच नव्हे. शेणकिडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून वाट सरळ ठेवतो, हे 2013 साली प्रयोगांतून दिसलं. महिन्या-दीड महिन्यात याच रानात मोह रात्री उमलेल, वटवाघळं त्याच्या रसाला येतील, पहाटे फुलं टपटपतील. त्या निशाफुलोऱ्याला काळोखच हवा. आजोबांच्या अंगणातला दिवा कुणीतरी सांगण्याआधीच मालवला होता. फाल्गुनात आम्ही पुन्हा येणार आहोत, मोहाखाली झोपायला.