दात्याचा जमाखर्च

पुण्यांत कोणी 'रोग्याला ससूनला नेलें' असें म्हणतो, त्या वेळीं आपण एका मनुष्याचें नांव घेत आहों, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. विशेषनामाचें असें सामान्यनाम होणें हा दात्याचा मोठाच गौरव होय. परंतु त्यामुळें नांवामागील मनुष्य मात्र दिसेनासा होतो. तो पुनः एकवार पाहण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ सालीं बगदाद येथें एका प्रतिष्ठित यहुदी घराण्यांत झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार होते. पुढें दाऊद पाशाच्या अमदानींत यहुद्यांचा छळ होऊं लागला, तेव्हां पिढ्यान्‌पिढ्यांचें गांव सोडून डेव्हिड प्रथम इराणच्या बुशहर बंदरीं आणि तेथून १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. यहुदी ही या भूमीला नवी गोष्ट नव्हती; कोंकणांत ते 'शनवार तेली' म्हणून शतकानुशतकें नांदतच होते. १८५३ सालीं डेव्हिड ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हां इंग्रजी येत नसल्यामुळें त्यांनीं हिब्रूंत सही केली.

आश्रय देणाऱ्या भूमीचें ऋण या निर्वासितानें मोकळ्या हातानें फेडलें. पुण्याच्या रुग्णालयाची कोनशिला १८६३ सालीं बसली. तें १८६७ सालीं उघडलें. पण त्यापूर्वींच, १८६४ सालीं, डेव्हिड पुण्यांत वारले. लोक ज्याला 'लाल देऊळ' म्हणतात, त्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या आवारांत त्यांची समाधि आहे. मुंबईंत १८७० सालीं पुरी झालेली वाचनालयाची इमारतही त्यांच्याच नांवाची.

मग एवढी संपत्ति आली कोठून? कापूस, कापड यांच्या जोडीनें ती अफूंतून आली. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें चीनचीं बंदरें उघडलीं. १८४४ सालीं डेव्हिड यांचे चिरंजीव एलायस तिकडे गेले, आणि पुढें या पेढीनें अफूच्या व्यापारांत अग्रस्थान मिळविलें.

हें ऐकून वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "मग, सर, तें दान घ्यावयास नको होतें काय?"

याला दोन उत्तरें तयारच असतात. एक असें कीं, तो व्यापार तेव्हां कायदेशीर होता. खुद्द सरकार त्यावर पोसलें जात होतें, आणि सर जमशेटजी जिजीभाईंसारखे दातेही त्यांत होते. पण कायदा आणि नीति एकच मानली तर दाऊद पाशालाही दोष देतां येणार नाहीं; हुकूम त्याचाच होता. दुसरें उत्तर असें कीं, पापाचा पैसा पवित्र होत नाहीं. पण तेथें बरें झालेलें मूल घरीं नेणाऱ्या मातेला हें कोण सांगणार? १९२४ च्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींना याच रुग्णालयांत आणून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. मादक पदार्थांच्या त्या कट्टर वैऱ्यालाही याच भिंतींनीं आसरा दिला.

आमच्या मतें डेव्हिड ससून निर्दय नव्हते. मुंबई-पुण्याचें दुःख त्यांच्या डोळ्यांसमोर होतें आणि तें त्यांनीं हलकें केलें. चीनमधील अफूबाजाचें उजाड घर मात्र त्यांच्यापर्यंत पेढीच्या वहींतील आंकडा होऊनच पोंचत असावें. दया बहुधा दृष्टीच्या टप्प्यापर्यंत जाते. व्यापार समुद्रापार जातो. स्वतः छळ सोसल्यानें मनुष्य सर्वच छळ ओळखूं लागतो असें नाहीं. आपल्या घरीं येणारा पैसा कोणाकोणाच्या दारावरून फिरून येतो, हें आपण तरी कितीसें विचारतों?

विद्यार्थ्याला आम्हीं एवढेंच सांगितलें: दान घ्यावें, दात्याविषयीं कृतज्ञ राहावें. पण त्या दानानें जुना हिशेब फिटला, अशी पावती देण्याचा अधिकार पुणेकरांचा नव्हे; तो चीनमधील त्या घरांचा आहे.