फोन आपण करायचा

ब्रिटनमध्ये एस्थर रँत्झन यांनी २०१३ साली एकाकी वृद्धांसाठी ‘सिल्व्हर लाइन’ ही मोफत फोनसेवा सुरू केली. तिथले स्वयंसेवक दर आठवड्याला फोन करून नुसत्या गप्पा मारतात. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पण तिथे फोन त्यांनीच करायचा. ‘कशाला कुणाला त्रास?’ म्हणणारी माणसं तो करत नाहीत.

मी दर जुम्याला नमाजनंतर कोकणातल्या एका खालांना फोन करतो. मुलं कुवेतला, पैसे वेळेवर येतात. खाला गुडघ्यांचं, विहिरीच्या पाण्याचं बोलतात. एकदा म्हणाल्या, "बेटा, दोन दिवसांनी आज तोंड उघडलं."

जकातीचा हिशेब आपण चोख ठेवतो. तुमच्या मोहल्ल्यात कुणाचा फोन वाजत नाही, तेही एकदा मोजा.