धार आणि कोर

मूल, जि. चंद्रपूर
श्रावण



आजोबांचा सोलिंगनचा वस्तरा तू पुन्हा चालू केलास, वाचून फार बरं वाटलं. हातावरचे केस सपासप उडतात, पण दाढी करताना दुसऱ्या गालाला वस्तरा ओढतो, असं लिहिलंस. पोरा, ती धार नव्हे, कोर आहे.

वस्तऱ्याच्या दोन बाजू जिथे मिळतात, तिथे पोलाद अतिशय पातळ असतं. दगडावर एकाच बाजूने घासत राहिलं, वर हात दाबला, की ते झिजायचं सोडून पलीकडे वळतं. तीच कोर. दाढीच्या राठ केसांपुढे ती दुमडते, कुठे कुठे तुटते. चामड्याच्या पट्ट्याने ती जात नाही, नुसती उभी राहते. म्हणून पहिला गाल छान होतो आणि माणूस फसतो.

ओळखायची अशी: अंगठ्याचं पोट वस्तऱ्याच्या पाठीकडून धारेकडे हलकेच नेऊन धारेबाहेर काढ. धारेच्या लांबीवर बोट कधीच फिरवू नको. कोर असेल तर एका बाजूला धानाच्या कुसासारखं अडतं, दुसऱ्या बाजूला काहीच लागत नाही. मग धार खिडकीच्या उजेडाकडे वर करून बघ. खरी धार चमकत नाही. चकाकणारी रेघ दिसली तर काम बाकी आहे.

सुरीला मुद्दाम कोर उठवतात, धार काठापर्यंत पोचल्याची ती खूण. वस्तऱ्याला ती उठूच द्यायची नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकव, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. धार पुढे ठेवून चालव, प्रत्येक हाताला बाजू बदल, वळवताना पाठीवरूनच वळव. शेवटी वस्तऱ्याच्या वजनापलीकडे दाब नको. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे. कोर उठलीच तर दगडावर पाठ केसभर उचलून दोन्हीकडून एकेक हलका हात मार आणि पुन्हा पाठ टेकवून आलटून-पालटून घास.

आजोबांना वर्षाचं बलुतं धान निघाल्यावर मिळायचं. नवा वस्तरा घेणं सोपं नव्हतं. उठवलेली प्रत्येक कोर काढताना पोलाद वाया जातं, हे जाणून ते हात हलका ठेवत.

आपल्याकडच्या पावसाळ्यात धारेला गंज लवकर धरतो. पुसून, कोरडा करून खोबरेलाचा थेंब लाव. घरात जवसाचं तेल असलं तरी ते नको, वाळून चिकटतं.

हा वस्तरा फक्त तुझ्या दाढीला वापर. एकाच्या रक्तातून दुसऱ्याला कावीळ, एचआयव्ही जाऊ शकतो, म्हणून सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेडच लाव. ब्लेडची धार कारखान्यातून येते, पण गळ्यावरचा दाब तुझ्याच हाताचा असतो. तो दगडावर शीक.

तुझा,
मामा