कोरडा खाली ठेवला, तेही लिहायचे

बी.ए. झाल्यावर आमच्या मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असा आम्हा दोघांचा विचार होता. पण ती म्हणाली, "मी लोककला शिकणार." मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात लोककला अकादमी आहे. परळच्या चाळीतून ती तिकडे जाऊ लागली. पोट कसे भरणार, ही काळजी होतीच. त्याहून मोठी अडचण घरातच निघाली.

एके दिवशी ती पोतराजावर टिपण लिहीत बसली होती. आमच्या आईच्या कानावर तो शब्द पडला. आईचे वय ८४. तिचे वडील गावी मरीआईचे पोतराज होते. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिल्यावर त्यांनी वाढवलेले केस कापले आणि कोरडा कायमचा खाली ठेवला. आई नातीला म्हणाली, "माझ्या बापानं केस कापले, आणि तू पुन्हा वाढवायला निघालीस व्हय गं?"

आम्हालाही आईचे पटले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वाघ्या-मुरळी, गोंधळ, पोतराज कशाला? जे टाकले ते टाकले.

मुलगी चिडली नाही. तिने विचारले, "आपल्या घरापासून पोयबावडीची बी.आय.टी. चाळ किती लांब आहे?" दहा मिनिटांवर. तिथे बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. ती म्हणाली, "त्यांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. रूढी पाळणं वेगळं, रूढी तपासणं वेगळं."

मग तिने आंबेडकरी जलशांचे सांगितले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचीच ढोलकी घेतली, पण तिच्यावर शिक्षणाची, पाण्याच्या हक्काची, मेलेले ढोर न ओढण्याची गोष्ट सांगितली. शिवडीच्या चाळीत अक्षरओळख झालेले वामनदादा कर्डक पुढे गावोगाव भीमगीते गात फिरले. नायगावच्या चाळीत जन्मलेले विठ्ठल उमप कव्वालीही गायले आणि लोकनाट्यही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे या माणसांना कळत होते, कारण त्यांना दोन्ही ठाऊक होते.

शेवटी ती आजीला म्हणाली, "पोतराज कोरडा कसा मारतो, ते पुस्तकात आहे. त्यानं तो खाली का ठेवला, ते कोण लिहिणार? ते तुलाच माहीत आहे."

आई बराच वेळ गप्प बसली. मग बोलू लागली. वडिलांनी घुंगरे विकली, त्या पैशांत धाकट्या भावाला पाटी आणली. केस कापल्यावर त्यांना डोके हलके वाटत होते, म्हणून ते सारखे हात फिरवून बघत. इतक्या वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकले. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

त्यानंतर आई जात्यावरच्या ओव्याही सांगू लागली. जाते सुटून साठ वर्षे झाली, तरी हात आपोआप गोल फिरत होता. माहेरच्या, भावाच्या ओव्या झाल्या आणि मग भीमाच्या आणि रमाईच्या आल्या. मुलीने त्या सगळ्या मोबाईलवर टिपून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी बाबासाहेबांचा इतिहास असा ओठांवर जपून ठेवला.

नोकरीची काळजी अजून आहे. पण तिने दुसरे काही शिकायला हवे होते, असे आता आम्ही म्हणत नाही.

आपल्या चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरे मिळाली पाहिजेत, त्यात वाद नाही. पण सामान बांधताना म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर बसा. त्यांनी काय गायले आणि काय सोडले, हे विचारा आणि नातवंडांकडून वहीत लिहून घ्या. ती वही फोटोच्या खाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाशेजारी ठेवा.

जय भीम!