आमच्या भिंतीची भेग

घर पाहावें बांधून, असें आपले पूर्वज म्हणत आले. दावा पाहावा लावून, असें मात्र कोणा शहाण्यानें म्हटलेलें आम्हांस आठवत नाहीं. आम्हीं दोन्ही केलें.

बीड शहराच्या कडेला आम्हीं घर बांधलें आणि दुसऱ्याच उन्हाळ्यांत स्वयंपाकघराच्या भिंतीस बोट शिरेल एवढी भेग पडली. मक्तेदारानें सिमेंट कमी घातलें, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नव्हता. वकीलसाहेबांनीं तसा दावा लिहिला; न्यायालयानें मुद्दे काढले, आमची साक्षही सुरू झाली. मग तज्ज्ञाचा पुरावा हवा म्हणून एक वयोवृद्ध इंजिनीयर घरीं आणले. त्यांनीं गिलावा खरवडून पाहिला, मान हलविली, आणि भिंतीच्या पायाशीं खड्डा घेवविला.

"सिमेंटाला कशाला दोष देतां? तुमचा पाया काळ्या मातींतच संपला आहे."

ही माती पावसांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत सुकून आकसते. तिच्यावरचें उथळ पायाचें घर दर वर्षीं थोडें उचललें जातें व थोडें खचतें. आमची भेगही वैशाखांत रुंदावे आणि श्रावणांत मिटत येई. तें आम्ही रोज पाहात होतों. अर्थ लावला नव्हता इतकेंच.

आतां दाव्यांतील मजकूर बदलणें आलें, कारण जें कैफियतींत मांडलेंच नाहीं त्याविषयीं तज्ज्ञानें साक्ष द्यावी तरी कशी? या बाबतींत जुना काळ उदार होता. किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा या १९०९ च्या खटल्यांत मुंबई उच्च न्यायालयानें म्हटलें कीं, खरा वाद निकालांत निघण्यास अवश्य असलेली दुरुस्ती प्रतिपक्षावर अन्याय होत नसेल तर द्यावी. (आमचें बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, ही गोष्ट वेगळी.) पुढें दुरुस्त्यांचा सुळसुळाट झाला आणि १ जुलै २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेंत अट आली: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य दक्षता घेऊनही ती गोष्ट आधीं मांडतां आली नसती, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. अट रास्तच आहे. सिमेंटाच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या मक्तेदारानें आतां एकाएकीं मातीविषयीं काय उत्तर द्यावें?

प्रतिज्ञापत्र तयार होऊन आलें. "योग्य दक्षता घेऊनही" या शब्दांपाशीं आमची लेखणी थांबली. पाया खणतांना एक म्हातारा गवंडी म्हणाला होता, "मालक, अजून दोन हात जाऊं द्या, मुरूम लागला नाहीं." खर्च वाढेल म्हणून नको म्हणणारे आम्हीच. मक्तेदारानें हट्ट धरावयास हवा होता हें खरें; पण तो आमचा शब्द मोडणार कसा?

वकीलसाहेबांना सांगितलें. चष्मा पुसत ते म्हणाले, "मग अर्ज टिकावयाचा नाहीं. आणि हें कोणाला ठाऊक आहे?"

घरीं विषय काढला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. त्या दिवशीं त्यांना चहा मींच दिला होता."

दावा आम्हीं काढून घेतला आणि मक्तेदाराचा खर्च भरला. यंदा पाया थोडथोडा मोकळा करून खालून खोल नेण्याचें काम चालू आहे. एका वेळीं तीन हातांहून अधिक लांबी उघडी करीत नाहींत. खणणारा त्या म्हाताऱ्या गवंड्याचाच मुलगा आहे. काल दुपारीं त्यानें हांक मारून आम्हांस खड्ड्यांत वाकून पाहावयास लाविलें. बापानें सांगितल्याहून वीतभर वरच मुरूम लागला होता.