मिनिटाला ४५० लिटर

अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाला मुंबईला निघाले तेव्हा आईने एकच शंका काढली, "अगं, पाणी ओतायला सहा महिने शिकवतात होय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दुष्काळी माण तालुक्यातले. पाणी आणायचं कसं, साठवायचं कसं, पुरवायचं कसं हे आमच्याकडे पोरीबाळींना शिकवावं लागत नाही. ओतायचं कसं, हा विषयच घरात कधी निघाला नव्हता.

भरतीच्या मैदानावर तर हे सगळं ताकदीचं काम वाटलं होतं. धावा, माणसाच्या वजनाचा पुतळा उचलून न्या, उंचावरून खाली ताणून धरलेल्या जंपिंग शीटवर उडी मारा. उडीची भीती वाटली, पण त्यात डोकं लावण्यासारखं काही नव्हतं. प्रशिक्षण सुरू झालं आणि समोर आला तो हिशोब. पाण्याचा हिशोब, हवेचा हिशोब, मिनिटांचा हिशोब. मी कॉमर्सची पदवी घेतलेली, तरी पहिले काही दिवस चक्रावून गेले होते.

आधी होज. बाहेरचे लोक तिला पाईप म्हणतात. ६३ मिलिमीटर व्यासाची, १५ मीटर लांबीची, रिकामी असताना चापटून पडलेली निरुपद्रवी पट्टी. ती मधोमध दुमडून गुंडाळायची, दोन्ही कपलिंग हातात धरून एका झटक्यात पुढे सोडायची, पुढच्या होजला 'टक्' आवाज येईपर्यंत घुसवायची आणि शेवटच्या टोकाला ब्रँच लावायची. ब्रँच म्हणजे ज्यातून पाणी सुटतं ते तोंड. हे सगळं पळत. मग ब्रँचवाल्याने हात वर केला की पंपावरचा माणूस पाणी सोडतो आणि ती पट्टी जिवंत होते. एका भरलेल्या होजमध्ये ४५ किलोहून जास्त पाणी असतं. अशा चार जोडल्या की दोन माणसांना ती वळवताही येत नाही. वळण आधीच ठरवून टाकायचं असतं, पाणी आल्यावर नाही. ब्रँच धरणाऱ्याला पाण्याची उलटी धडक मागे ढकलते, म्हणून त्याच्या पाठीशी एकजण खांदा लावून उभा राहतो. मी आधी त्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या जागेवर होते, आणि खरं सांगायचं तर मला तीच आवडली होती.

वर्गात सरांनी फळ्यावर आकडे मांडले. गाडीची टाकी ४,५०० लिटर. एक ब्रँच, साधारण मिनिटाला ४५० लिटर. किती वेळ पुरेल? दहा मिनिटं. दोन ब्रँच लावल्या तर पाच. वर्ग पुढे गेला, मी तिथेच अडकले. आमच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर येतो तो काही याहून फार मोठा नसतो. त्यावर आख्खी वाडी दिवस काढते. डोक्यावरचा हंडा १५ लिटरचा धरला तर मिनिटाला ३० हंडे, आणि तेही धुरात. संध्याकाळी फोनवर आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आणि मग?" मग दुसरी गाडी, मग टँकर, मग जवळचा हायड्रंट, विहीर, तलाव. आग लागलेल्या ठिकाणी एक अधिकारी ज्वाळांकडे पाठ करून फक्त पाण्याच्या मागे लागलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिवाय पाणी नुसतं मारून चालत नाही. त्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या जवळजवळ १,७०० पट जागा व्यापते. बंद खोलीत भरमसाट पाणी सोडलं तर ती वाफ आत शिरलेल्यांनाच भाजून काढते. विजेचा मुख्य पुरवठा तोडल्याशिवाय घरात ब्रँच उघडायची नाही. जळणाऱ्या तेलावर पाणी नको. गॅस सिलिंडरच्या गळतीला पेट घेतला असेल तर आधी गॅस थांबवण्याची सोय बघायची. ज्योत विझवली आणि गॅस चालूच राहिला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जातो आणि कुठल्या तरी ठिणगीपर्यंत पोचतो. म्हणजे पाणी ओतायला शिकायला आलेल्या मला कधी ओतायचं नाही याचीच यादी पाठ करावी लागली.

गाठी, शिड्या, दोर यांचं फार सांगत नाही. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी मी आता झोपेतही मारते. वसतिगृहाच्या खिडकीचा गज त्याला साक्षी आहे.

हवेचा हिशोब मात्र अंगावर आला. पाठीवरच्या श्वसनसंचाला इथे सगळे बीए सेट म्हणतात. त्याचा सिलिंडर ६ लिटरचा, ३०० बार दाबाने भरलेला, म्हणजे १,८०० लिटर हवा. काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर धरला तर ४५ मिनिटं. कागदावर. दाब ५५ बारच्या आसपास आला की संचाची शिट्टी वाजायला लागते आणि तेव्हा हातात सात-आठ मिनिटं उरलेली असतात. शिट्टी वाजली की निघायचं, असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, "शिट्टी वाजेल तेव्हा तू दाराबाहेर असली पाहिजेस." म्हणजे आत जायला किती हवा लागली ते बघायचं, परतीला निदान तेवढी ठेवायची आणि वरची शिल्लक मोजायचीच नाही. त्यात नव्या माणसाची हवा आधी भीती खाते. एकच काम करून बाहेर आलो तेव्हा माझ्या जोडीदाराच्या गेजवर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवा शिल्लक होती. तो कोळीवाड्यातला, लहानपणापासून पाण्यात बुड्या मारणारा. मी आपली धापा टाकत होते.

धुराच्या खोलीत सरावाला सोडतात तेव्हा काही म्हणजे काही दिसत नाही. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय. ऐकू येतो तो स्वतःचाच श्वास, मास्कमधून खरखरत. डावा हात भिंतीला लावून आत जायचं. वळून परत येताना तीच भिंत उजव्या हाताला येते. हे सोपं वाक्य अंधारात अवघड गणित होतं. पाय उचलून टाकायचा नाही. वजन मागच्या पायावर ठेवून पुढचा पाय घासत न्यायचा, कारण पुढे जमीन असेलच असं नाही. समोर हात फिरवायचा तो तळवा आपल्याकडे ठेवून, हाताच्या मागच्या बाजूने. उघड्या वायरला तळवा लागला तर विजेच्या झटक्याने बोटं आवळतात आणि हात तिलाच चिकटतो. मागची बाजू लागली तर आवळलेला हात तिच्यापासून दूर येतो. दार उघडण्याआधीही हाताची तीच बाजू लावून ते किती तापलंय ते बघायचं.

खोलीत पुतळे लपवलेले असतात. मी टेबलाचा पाय, गादी, खुर्ची असं चाचपत गेले. सर बाहेरून ओरडत होते, "पलंगाखाली बघितलं? कपाटात?" लहान मुलं आगीत पळत नाहीत, लपतात. मोठी माणसं बाथरूमकडे धावतात, कारण तिथे पाणी असतं. आम्हाला पुतळा सापडला तो आत उघडणाऱ्या बाथरूमच्या दारामागे. असं दार जोरात ढकलायचं नसतं, पलीकडे कोणी पडलेलं असू शकतं. ते दार इंच इंच सरकवताना माझा हात थरथरत होता. पलीकडे भुसा भरलेला पुतळा आहे हे माहीत असूनही.

आगीत सापडलेल्या बहुतेकांचा जीव ज्वाळांपेक्षा धुराने जातो, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या खोलीतून आल्यावर ते वेगळं वाचावं लागलं नाही.

१४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर आग लागली. त्या एकाच जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकंही. दलाचे जवान पाणी मारत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशामक गेले. वर्गात ही गोष्ट पराक्रम म्हणून सांगतील असं वाटलं होतं. सरांनी सांगितली ती प्रश्नाची गोष्ट म्हणून: आगीच्या ठिकाणी पोचल्यावर पहिलं विचारायचं ते 'आत काय आहे' आणि 'आत कोण आहे'. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. जळती इमारत कोसळली आणि दलाने चार अधिकारी गमावले, त्यांत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकरही होते. त्यावर सर फार बोलले नाहीत. जुन्या इमारतीचं लाकूड जळून किती उरलंय हे बाहेरून दिसत नाही, एवढंच म्हणाले. मला वाटतं, धाडस कमी करायला शिकवणारी ही एकमेव वर्दीची नोकरी असावी.

नंतर केंद्रावर कामाला सोडलं तेव्हा वाटलं होतं, रोज आग. पहिली वर्दी, म्हणजे मदतीची हाक, आली ती पतंगाच्या मांजात अडकलेल्या घारीची. मग रस्त्यावर सांडलेलं ऑइल. त्यावर दुचाक्या पटापट घसरतात, म्हणून माती पसरायची. मग लिफ्टमध्ये अडकलेले आजोबा, पडलेलं झाड, आणि एकदा बोटात रुतलेली अंगठी कापून घ्यायला चालत केंद्रावर आलेली नवरी. बोट सुजून वांग्यासारखं झालेलं, मागे आख्खं वऱ्हाड. आमच्या प्रमुख अग्निशामकांनी अंगठी अशी कापली की बोटावर ओरखडा नाही, आणि वर सासूला म्हणाले, "सोनं सगळं आहे बरं का, मोजून घ्या."

उरलेला वेळ धुण्यापुसण्यात जातो. वापरलेली प्रत्येक होज धुवायची, वाळवायची, तपासायची. कपलिंगला ब्रासो. रोज सकाळी पंप चालवून बघायचा, सिलिंडरचे दाब लिहायचे. संध्याकाळी व्हॉलीबॉल. मेसमध्ये भात शिजत असताना घंटा झाली की पळण्याआधी गॅस बंद करायचा, ही जबाबदारी त्या दिवशी कोणाची हे फळ्यावर लिहिलेलं असतं. आम्हीच आमच्या केंद्राला आग लावली, अशी बातमी कोणाला नको आहे. दिवाळीत रजा नाही हे आईला अजून पटलेलं नाही.

खरी आग बघितली ती भंगाराच्या गोदामाची. प्लास्टिक, रबर, पुठ्ठा, काळा धूर. गाडी पोचली तेव्हा रस्त्यावर एवढी गर्दी आणि एवढ्या दुचाक्या की शेवटचं वळण घेण्यातच वेळ गेला. आमचे यंत्रचालक, त्यांना सगळे मामा म्हणतात, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने भोंगा सांभाळत होते. मी ब्रँचच्या पाठीशी. आगीचं तोंड नीट दिसलं नाही, पण तापलेला पत्रा कडकडल्याचा आवाज अजून लक्षात आहे. दोन ब्रँच लागल्या आणि फळ्यावरचा हिशोब खरा ठरला. आमची टाकी संपली, दुसरी गाडी जोडली जाईपर्यंत होज मऊ पडली. लगेच गर्दीतून आवाज आला, "अहो, बंब रिकामाच आणला का?" कोणीतरी मोबाइल धरून तेच पुन्हा म्हणवून घेतलं. मला रडू आलं. मामांनी मान वर न करता पंपाचा काटा बघत सांगितलं, "ताई, हे प्रत्येक आगीत ऐकायचं. होज सोडू नकोस."

बातमीत 'आग आटोक्यात' छापून येतं, तिथे आमचं काम निम्मंही झालेलं नसतं. ढिगारा उपसून, खालचं धुमसणारं वर आणून, भिजवून, पुन्हा उपसून आम्ही रात्री उशिरापर्यंत तिथेच होतो. बघायला तेव्हा कोणी नव्हतं.

तपासणीसाठी सोसायट्यांमध्येही जावं लागतं. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कागद बहुतेक ठिकाणी असतो. एका इमारतीत होजच्या कपाटात झाडू आणि फिनेल होतं, होज गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेली होती.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. १०१ लावलात तर पत्ता, जवळची खूण, कितवा मजला, काय जळतंय आणि आत कोणी अडकलंय का, एवढं सांगा, आणि समोरच्याने विचारायचं संपवल्याशिवाय फोन ठेवू नका. धूर दिसला म्हणून बाहेरून काचा फोडू नका, आत हवा गेली की आग भडकते. गाडीला वळायला जागा ठेवा. आणि जिन्यातलं चपलांचं कपाट, जुनी सायकल, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आजच हलवा. आम्हाला त्याच जिन्याने चाचपडत वर यायचं असतं, आणि तुम्हाला खाली.