अराताचा पासपोर्ट

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एकेकाळी पुणे एफसी नावाचा फुटबॉल संघ खेळायचा आणि त्यात अराता इझुमी नावाचा एक जपानी होता, हे हिंजवडीतल्या माझ्या टीममध्ये कुणालाच माहीत नाही. टीममधले निम्मे जण सध्या जपानी शिकतायत. टोकियोत पगार बरा मिळतो म्हणे. मीही त्यातलाच.

अराता मात्र उलट्या दिशेने आला. जन्म १९८२चा, शिमोनोसेकी शहरातला. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरच्या लीगमध्ये खेळून तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे आणि २००९मध्ये पुण्यात. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला. अराताचा सगळ्यात चांगला काळ हाच.

भारताकडून खेळायचं तर भारतीय नागरिकत्वच हवं, वडील भारतीय असून भागत नाही. दोन पासपोर्ट आपल्याकडे चालत नाहीत. अराताने जपानचा सोडला. फेब्रुवारी २०१३मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून उतरला, तेव्हा वय ३०. आपण २-४ हरलो. फिफाच्या यादीत भारत तेव्हा दीडशेच्याही खाली होता. त्याच वर्षी जूनमध्ये जपान पुढच्या वर्ल्डकपला पात्र ठरला!

धान कापणीला गावी, लाखनीकडे गेलो होतो, तेव्हा बाबांना हे सांगितलं. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नाही. बांधावर बसून ऐकलं आणि म्हणाले, "मंग त्याले आपल्या मायले भेटाले व्हिसा लागते का?"

लागतो.

"अन् तू गेलास तं?"

मी म्हटलं, माझी नुसती नोकरी असेल, पासपोर्ट इथलाच राहील. ते विळा घेऊन उठले.

भारताकडून अराताला मोजकेच सामने मिळाले. तिशीत आलेल्या फॉरवर्डला वेळ असतो तरी किती? पण उतरती कळा एकट्या त्याचीच नव्हती. महिंद्रा युनायटेड २०१०मध्येच बंद झाला. पुणे एफसी २०१५नंतर दिसेनासा झाला. पुढे तो एफसी पुणे सिटीकडून खेळला, तोही २०१९मध्ये गुंडाळला गेला. महाराष्ट्रात ज्या तीन क्लबांकडून तो खेळला, त्यातला एकही आज नाही. कुणासाठी आलो, असं त्याला कधी वाटलं असेल का? मला तरी वाटलं असतं.

आयएसएलमध्ये तो कोलकात्याकडून खेळला, २०१७-१८मध्ये केरळकडून. नंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत पोरांना शिकवू लागला. २०२५मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथला पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, तेव्हा बातम्यांमध्ये अराताचं नाव पुन्हा आलं. टीमच्या ग्रुपवर मी लिंक टाकली. एकाने विचारलं, "पण जपानचा सोडला कशाला?"